सुमनच्या हातातल्या पाच ओळी

सुमे, तुझ्या तेराव्याला मंठ्याला आले होते. जेवणं उरकल्यावर तुझ्या भावाने, भास्करदादांनी, तुझ्या कॉम्प्युटर क्लासची किल्ली माझ्यापुढे धरली. "तुमीच बघा बाई. पोरांची परीक्षा आलीया, अन् तिच्या नोटा त्या डब्यात अडकल्यात. आमाला त्यातलं काई कळत न्हाई." तू असतीस तर म्हणाली असतीस, पुन्याहून आलीस तं फुकट जेवू नको, काम कर. तर आले कामाला.

आधी हे सांगते की मला तुझा राग आलेला आहे. चाळिशी नुकती ओलांडलेल्या बाईने असं अर्ध्यातून उठून जायचं नसतं. आणि मला तुला एक गोष्ट सांगायची होती. अकरा वर्षं राहिली. दर दिवाळीला तुला पत्र लिहायला बसायचे ते तीच सांगायला, आणि दोन ओळी झाल्या की घसरायचे आपल्या जुन्या भांडणावर. प्रोग्राम लिहायला एडिटर कोणता चांगला, तुझा की माझा. माझ्या घरच्यांना हे भांडण कधी कळलं नाही. एडिटर म्हणजे काय, तर ज्यात प्रोग्राम टाइप करायचा ती वही. दोन शिकल्यासवरल्या बायका वहीवरून अकरा वर्षं कशा भांडू शकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना त्या बियाण्याच्या पोत्यांचं प्रकरण माहीत नाही. भांडण वहीवरून नव्हतंच, निदान माझ्या बाजूने तरी.

जालन्याची ती खोली आठवते? बियाण्यांच्या कंपनीत, गोदामाला लागून. भिंतीपलीकडे पोती शिवायच्या मशीनचा आवाज, अलीकडे आपलं युनिक्सचं मशीन आणि त्याला जोडलेली दोन टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. लॉगिन दोघींत एकच, कारण साहेबांना दोन पासवर्ड लक्षात ठेवायचे नव्हते. तू मंठ्याहून एसटीने यायचीस, मी अंबडहून. तुझ्या घरी शेती, माझे वडील कोर्टात कारकून. तू पहिल्याच दिवशी माझा डबा उघडून बघितलास आणि म्हणालीस, "एवढीशी भाजी? कोर्टातले लोक असंच जेवतेत का?" त्या दिवसापासून तुझ्या डब्यातली निम्मी भाकरी माझी झाली.

काम जोखमीचं होतं. प्रयोगशाळेत प्रत्येक लॉटच्या बियाण्याची उगवण तपासायचे. बी नीट उगवलं तर त्या लॉटची लेबलं छापायची, नाहीतर लॉट बाद. हे आधी वहीत चालायचं, ते आपल्याला मशीनवर आणायचं होतं. साहेब म्हणाले, "दोघी मिळून काय ते एक ठरवा. एकीचं एक, दुसरीचं दुसरं, असं माझ्याकडे चालणार नाही." म्हणून एडिटर निवडायचा प्रश्न आला.

मशीनवर दोन होते. एक जुना, ओळीचा. त्यात पडद्यावर काही दिसत नाही. तू ओळीचा नंबर सांगायचा, तो तेवढी ओळ दाखवणार. दुसरा पडद्याचा, पान पुढे उघडं, हवं तिथे जा आणि हवं ते बदल. तिसरी शक्कल साहेबांची. त्यांच्या केबिनमधल्या पीसीवर पत्रं टाइप करायचं पॅकेज होतं, त्यातच प्रोग्राम लिहा आणि फ्लॉपीवरून आणा. ती आपण एकदाच करून पाहिली. पडद्यावर प्रोग्राम अगदी स्वच्छ दिसत होता आणि प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर प्रत्येक ओळीला शिव्या घालत होता, कारण त्या पॅकेजने शब्दांना स्वतःच्या न दिसणाऱ्या खुणा लावून ठेवल्या होत्या. तू फ्लॉपी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलीस आणि म्हणालीस, "साहेब, पत्र बराबर निघालं असतं, प्रोग्राम न्हाई चालत."

राहिले दोन. त्यांची परीक्षा कशी घ्यायची ते तूच काढलंस. यूपीएसची बॅटरी बसलेली आणि लाइट दिवसातून दोनदा जायची. तू म्हणालीस, "सोयीचं कोन्तं ते मंग बघू. लाइट गेल्यावर कोन्तं काय राखतं, आदी ते बघू." मग आपण टाइप करत बसलो. मशीनला कळायला नको की परीक्षा चालू आहे, अशा थाटात. जालन्यात लाइट यायची वाट बघणारे पुष्कळ होते. लाइट जायची वाट बघणाऱ्या आपण दोघीच.

तू मंठ्यापासून जालन्यापर्यंतची गावं टाइप करायचीस, एसटी थांबते त्या क्रमाने, एकेका ओळीवर एकेक. फाटे, वस्त्या, एक रसवंतीसुद्धा. तुझ्या लाडक्या ओळीच्या एडिटरमध्ये लाइट गेली की सगळं साफ. शेवटचं सेव्ह केलेलं तेवढं शिल्लक. पडद्याच्या एडिटरची मात्र गंमत होती. लाइट आली, मशीन सुरू झालं, की ते आपल्याला चक्क पत्र पाठवायचं. तुमची अमुक फाइल लिहिता लिहिता मशीन बंद पडलं, जमलं तेवढं जपून ठेवलं आहे, हवं असल्यास अमुक हुकूम द्या. हुकूम दिला की फाइल समोर. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. तू पडद्याला नाक लावून वाचत होतीस. "म्या रामनगरला पोचल्ते," तू म्हणालीस, "हे वाटूरलाच उतरलं."

"अगं, पण वाटूरपर्यंत तरी आणलं ना! तुझं तर मंठ्यातूनच निघालं नाही."

"त्येच तं म्हनून राह्यले. माझं निघालं न्हाई हे मला म्हाईत हाये. तुझं कुटं उतरलं ते तुला शोधत बसावं लागंल."

तुझं म्हणणं एवढंच होतं. जे आपल्या हाताने सेव्ह केलं तेच आहे, बाकी काही नाही, असं धरून चालणारा माणूस चुकत नाही. मशीन राखतं म्हटलं की माणूस ढिला पडतो. मला ते बिलकुल पटलं नाही. मी म्हटलं, हे म्हणजे छत्री असली की माणूस भिजतो म्हणण्यासारखं झालं. साहेबांना मी पडद्याचा एडिटर उघडून दाखवला, त्यांना पान दिसलं, त्यांनी मान डोलावली. तू हरलीस. त्या संध्याकाळी स्टँडवर तू मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालीस, "जाऊ दे, तुझंच घेऊ. पन अर्दं काम म्या सेव्ह करनार न्हाई, सांगून ठिवते. पुरं झालं की मंगच." ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर हे पत्र असं लिहावं लागलं नसतं.

आता ती गोष्ट. तू असताना सांगायची होती, ती नसताना सांगते. भित्र्या माणसाचं असंच असतं.

त्या दुपारी तू लेबलाचा प्रोग्राम सुधारत होतीस. उगवण कमी असेल तर लॉट बाद करणाऱ्या पाच ओळी होत्या. त्या प्रोग्रामच्या शेवटाकडे होत्या, तुला त्या आधी आणायच्या होत्या, म्हणजे बाद लॉटची पोती मोजण्यात वेळ जाणार नाही. पडद्याच्या एडिटरमध्ये ओळी आधी उचलायच्या आणि मग दुसरीकडे जाऊन ठेवायच्या. मधल्या वेळात त्या कुठेच नसतात. तू याला 'हातात' म्हणायचीस. पाच ओळी तुझ्या हातात होत्या, तेवढ्यात फोन आला की तुझ्या आईंना चक्कर आली, जालन्यालाच आणताहेत. "पंधरा मिन्टांत आले," म्हणालीस आणि तशीच धावलीस. पंधरा मिनिटांचे दोन दिवस झाले.

तू गेलीस आणि लाइट गेली. आली तेव्हा मशीनचं पत्र आलं होतं, आपल्या दोघींच्या एकाच लॉगिनवर. मला वाटलं, बिचारीचं काम जायला नको. मी हुकूम दिला, फाइल आली. वरून पाहिली, खालून पाहिली, ठीक दिसली. सेव्ह केली. आणि लाइट जाऊन आली की सगळं पुन्हा कंपाइल करायचं, ही तर माझीच शिस्त. तेही केलं. एकही चूक निघाली नाही. निघणार कुठून? चूक असलेली ओळ कंपायलरला दिसते, नसलेली ओळ दिसत नाही. मशीनने पडद्यावरचं राखलं होतं. तुझ्या हातातलं राखलं नव्हतं.

दोन दिवस लेबलं छापली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस, आई बऱ्या होत्या, तू पाणी पीत होतीस. लॅबमधले काका एक लेबल घेऊन आले आणि म्हणाले, "हा लॉट मी बाद केलाय. याचं लेबल कसं निघालं?" त्या लॉटची एक गाडी आदल्या दिवशीच मंठ्याच्या दुकानदाराकडे रवाना झाली होती. तू टर्मिनलवर बसलीस, फाइल उघडलीस, वर गेलीस, खाली गेलीस. तुझे हात थांबले. साहेब दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "ही फाइल कोणाची?"

तू म्हणालीस, "माझी."

मी प्रिंटरपाशी होते. कागदाच्या कडेची भोकांची पट्टी फाडत होते. ती फाडून झाली, मग मी दुसऱ्या कागदाची फाडली. सुमे, मला तोंड उघडायला भरपूर वेळ मिळाला होता. तू साहेबांच्या केबिनमध्ये गेलीस, परत आलीस, भास्करदादांना फोन लावलास, तेवढा सगळा वेळ होता. मी पट्ट्या फाडत होते.

पुढचं तुलाच जास्त माहीत. तू आणि भास्करदादा मोटारसायकलवरून दुकानदाराकडे गेलात, विकलेल्या पोत्यांची नावं घेतलीत, गावोगाव फिरून बदलून दिलीत. पेरणीला अजून अवकाश होता म्हणून निभावलं. चौथ्या दिवशी उन्हाने काळी होऊन आलीस. खुर्चीत बसलीस आणि हसायला लागलीस. एका म्हातारीने पोतं द्यायला साफ नकार दिला होता. "म्हनती, लेबल चुकलं तं लेबल ने, पोतं काहून नेऊन राह्यली? चार येळा समजून सांगितलं. शेवटी दादानं तिच्या देखत नवं पोतं उघडलं, मूठभर बी हातावर दिलं, मंग सोडलं." मीही हसले.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या ट्रेनिंगला तू जाणार होतीस. साहेबांनी मला पाठवलं. तुला गाड्या भरून पाठवायच्या टेबलावर बसवलं, मशीनला हात लावू दिला नाही. वर्षभराने तू नोकरी सोडून मंठ्याला भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढलास. मी ट्रेनिंगहून पुण्यातच राहिले. माझी नोकरी, माझं घर, माझ्या हाताखालची माणसं, यातलं किती माझं आणि किती तुझं, याचा विचार मी शक्यतो टाळते. आज टाळत नाही. तुझं काम मला आवडायचं म्हणून मी काम शिकले. तुझी जागा मिळाली म्हणून पुढे गेले. आणि याबद्दल मी तुला एका शब्दाने काही म्हटलं नाही.

तुझी पत्रं यायची. "अजून त्योच एडिटर का गं तुझा? माझ्या ओळीच्या एडिटरात बघ, ओळ इथून तिथं न्यायचा हुकूम एकच असतो. उचलली की ठिवलीच. हातात काही राहतच न्हाई." दरवर्षी हे वाक्य असायचंच. दरवर्षी मी ते चार-चारदा वाचायचे. ही नुसती एडिटरची गोष्ट आहे, का तू मला सांगते आहेस की तुला माहीत आहे? मशीन आपणहून काही आणत नाही, हुकूम कुणीतरी द्यावा लागतो, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि अर्धं काम तू सेव्ह करत नव्हतीस. तरी मी स्वतःला समजावायचे, त्या दिवशी आईच्या काळजीत सुमनने केलं असेल सेव्ह, तिला वाटत असेल आपलीच चूक. मग उलट टपाली लिहायचे, तुझा एडिटर म्हणजे डोळे बांधून भाकरी थापणं आहे. मग तू त्याला उत्तर द्यायचीस. असं आपलं छान चाललं होतं.

तर परवा तुझ्या क्लासचं कुलूप काढलं. सहा कॉम्प्युटर, प्रत्येकावर जुन्या साडीचं आच्छादन, फळ्यावर तुझं अक्षर. भास्करदादा दारातच उभे राहिले. म्हणाले, "इथंच बसल्ती. काई लिहून राह्यल्ती. एकदम मान टाकली. म्या गडबडीत मेन स्विच खाली वढला, का बा करंट लागला की काय. मंग तिला उचललं अन् कुलूप घातलं. तवापून उघडलं न्हाई."

मी मशीन लावलं. आणि बघते तर काय, त्यावर माझा एडिटर! तुझा ओळीचा नाही, माझा पडद्याचा, तोही नवीन, सुधारलेला. मी दादांकडे पाहिलं. "ती म्हनायची, पोरांना पुन्याला ह्येच लागतं. आपल्या हट्टापायी त्यांचं नुकसान काहून करायचं." म्हणजे अकरा वर्षं माझ्याशी भांडायचीस एक आणि शिकवायचीस दुसरं. मला हसू आलं आणि मग रडू आलं. दादा पाणी आणायला गेले.

नोटांची फाइल उघडली तर एडिटरने अडवलं. ही फाइल लिहिता लिहिता मशीन बंद पडलं होतं, न सेव्ह केलेलं काही राखून ठेवलं आहे, आणू का? मी कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले. या प्रश्नाला मी एकदा फार पटकन उत्तर दिलं होतं.

या वेळी आधी तू सेव्ह केलेली फाइल वाचली. इंग्रजी अक्षरांत तुझं मराठी. शेवटचा धडा होता, लाइट गेली तर काय करायचं. त्यात लिहिलं होतं की राखलेली फाइल आणायच्या आधी ती कुणाची आहे ते बघा, आणि त्या माणसाला विचारा, तुझ्या हातात काय होतं. त्याखाली पाच ओळी होत्या:

"आमच्या हापिसात एकदा असं झाल्तं.
एकीनं न विचारता दुसरीची फाइल परत आणली.
तिला मदतच करायची व्हती.
फाइलमदल्या कामाच्या ओळी गेल्या अन् मोठा घोळ झाला.
तिच्यावर राग धरला न्हाई, पण तिनं विचारायला पायजे व्हतं."

मग राखलेली फाइल वेगळ्या नावाने आणली आणि दोन्ही शेजारी लावून ओळीओळीने पाहिल्या. सगळं सारखं होतं. राखलेल्या फाइलमध्ये फक्त या पाच ओळी नव्हत्या. तू त्या उचलल्या होत्यास.

कशाला गं? पोरांसमोर माझी गोष्ट नको, म्हणून काढून टाकत होतीस? का धड्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवणार होतीस? तुला दोन्ही शोभलं असतं. तुझाच नियम समोर लिहिलेला होता, माणसाला विचारा, तुझ्या हातात काय होतं. या वेळी मी विचारलं, सुमे. मोठ्याने विचारलं. दादा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले होते, ते तिथेच थांबले.

मग तुझ्या बाजूने निकाल दिला. हाताने सेव्ह केलेलं तेवढंच आहे, बाकी काही नाही. राखलेली प्रत पुसून टाकली. तुझ्या फाइलमधल्या त्या पाच ओळी होत्या तिथे राहू दिल्या. फक्त दुसऱ्या ओळीतलं 'एकीनं' खोडून तिथे माझं नाव लिहिलं, आडनावासकट. सेव्ह केलं. नीट झालं ना म्हणून फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहिली.

प्रिंट काढल्या. शेवटचं पान दादांनी सवयीने हातात घेतलं आणि अक्षर लावत लावत वाचलं. उन्हात तुझ्याबरोबर गावोगाव पोती बदलत फिरलेले दादा. वाचून झाल्यावर त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हितं तुमचं नाव पडलंय."

"हो दादा," मी म्हटलं. "ते माझंच आहे."